आधी पाया, मग करवत



अलीकडे चार-सहा शेतकरी एकत्र बसले की एक विषय हमखास निघतो. बांधावरची बाभूळ, निंब, साग आपण उभ्या झाडाच्या भावाने व्यापाऱ्याला देऊन टाकतो आणि त्याच लाकडाची चौकट आणायला तालुक्याला जातो. मग गावात आपली स्वतःची आरा मशीन का असू नये? प्रश्न रास्त आहे. पण पुढची सगळी चर्चा मशीनभोवती फिरते. चाक किती इंची, मोटर किती हॉर्सपॉवरची, नवी घ्यावी की जुनी. ही मशीन उभी कशावर राहणार, हे कोणी विचारत नाही.

मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. आरा मशीनला दोन पाये लागतात. एक जमिनीतला आणि दुसरा कायद्यातला. दोन्ही आधी घालायचे असतात, मशीन आल्यावर मागाहून घालता येत नाहीत. आणि आपण कापूस-ज्वारीवाले काळ्या जमिनीचे लोक असल्यामुळे पहिला पाया आपल्याला इतरांपेक्षा महाग पडतो. हे पैसे मोजण्याआधी समजून घेतलेले बरे.

लाकडाचा हिशोब

आधी मशीन हवीच कशाला, ते पाहू. गोल लाकूड मोजण्याची व्यापारातली जुनी पद्धत चौथाई घेराची. ओंडक्याचा मधला घेर दोरीने मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका या हिशोबाने दहा घनफूट भरतो. शाळेतल्या गणिताने वर्तुळाचे खरे क्षेत्रफळ काढले तर तोच ओंडका पावणेतेरा घनफूट होतो. म्हणजे शंभर फुटांतले एकवीस फूट लाकूड मोजणीतच नाहीसे होते.

व्यापारी म्हणतो, चिरताना सालपट निघते, भुसा पडतो, त्याची ही तूट आहे. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण सालपट आणि भुसा काही हवेत उडून जात नाही. सालपट जळतणाला विकले जाते, भुसाही विकला जातो. विकतो कोण? ज्याची करवत तो. तूट आपल्या खात्यावर आणि तुटीची विक्री त्याच्या खात्यावर. कापसाचे आपण हेच पाहत आलो. आपण विकतो कापूस, आणि त्यातून रुई वेगळी, सरकी वेगळी करून दोन भाव घेणारा दुसराच असतो. लाकडाची गोष्ट त्याहून निराळी नाही.

म्हणून करवत गावात यावी, या मताचा मीही आहे. फक्त आलेली करवत टिकावी, असे मला वाटते.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. यात नुसता रिवाज नव्हता. काळीत बांधलेले घर भेगाळते, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले होते.

काळी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची फार बारीक चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते, पाणी गेले की आकसते. मे महिन्यात ज्या भेगेत बैलाचा पाय अडकतो, ती भेग ऑगस्टमध्ये शोधूनही सापडत नाही. ही चिकणमाती ओल धरून ठेवते, म्हणून तर रब्बीची ज्वारी बिनपाण्याची पदरात पडते. पण पिकाला जो गुण, तोच पायाला अवगुण. जमीन वर्षातून एकदा फुगते आणि एकदा बसते. तिच्यावर ठेवलेली वस्तूही तिच्याबरोबर वर-खाली होते, आणि तीही सगळीकडे सारखी होत नाही. छपराखालची माती कोरडी राहते, पागोळीखालची भिजते. एक कोपरा उचलतो, दुसरा जागेवर राहतो.

घराची भिंत तडकली तर लिंपून भागते. करवतीचे तसे नाही. आरा मशीन म्हणजे दोन मोठी चाके, त्यांवर ताणलेला पात्याचा पट्टा आणि ओंडका घेऊन रुळांवरून सरकणारी गाडी. पट्टा सरळ राहिला आणि रूळ समपातळीत राहिले तरच फळी सरळ निघते. समजा, दोन रुळांत अंतर दोन फूट आहे आणि त्यातला एक रूळ सहा मिलिमीटर उचलला गेला. रुळापासून दोन फूट उंचीवर काप तेवढाच, सहा मिलिमीटर, सरकतो. एक इंची फळीत पाव इंचाचा फरक पडतो. ती फळी कोणताही सुतार घेत नाही.

फळी वाया जाणे हे नुकसान लहानच. मोठी गोष्ट पुढे आहे. ओंडका तिरका आला की पट्ट्यावर एका बाजूने ताण येतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि एक दिवस तो चालू मशीनवर तुटतो. वेगात सुटलेला पोलादी पट्टा माणूस आणि लाकूड यांत फरक करत नाही. पाया हा विषय म्हणूनच नुसता सिमेंटच्या पोत्यांचा नाही, मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या पोरांच्या हातांचा आहे.

आमची चूक

हे शिकण्यासाठी आम्ही पैसे मोजले आहेत. तालुक्याच्या ठिकाणची एक जुनी परवान्याची आरा मशीन बंद पडण्याच्या बेतात होती. मालकाला भागीदार हवे होते. आम्ही सहा जण भागीदार झालो, जागा बदलण्याची परवानगी काढली आणि मशीन रस्त्याकडेच्या माझ्या वावरात आणली. वावर काळेभोर. महिना मे. दोन फूट खोदले. तळाला भेगा दिसत होत्या, त्यांत गिट्टी लोटली आणि वर काँक्रीट ओतले. सातव्या दिवशी मशीन चढवली, कारण कर्जाचे व्याज सुरू झाले होते. आमच्या गावचे एक म्हातारे आबा खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "काळीत पेरतात बाप्पा, रोवत नाहीत." आम्ही हसलो.

पहिले काही आठवडे काम झकास चालले. मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस लागला. पंधरा दिवसांत पहिला पट्टा तुटला. मग दर आठवड्याला एक. मिस्त्री आला, त्याने बेअरिंग बदलले. पट्ट्याची जात बदलून पाहिली. दोष आधी मशीनचा ठरला, मग पट्ट्याचा, मग पट्ट्याला धार लावणाऱ्याचा. शेवटी घराच्या कामाला आलेल्या एका गवंड्याने सहज म्हणून ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. ओट्याचा एक कोपरा बोटभर वर आला होता आणि रूळ पिळला गेला होता. मशीन निर्दोष होती. तिच्या पायाखालची जमीन हलली होती.

कोणाला इजा झाली नाही, एवढेच नशीब. बाकी त्या हंगामाची चिराई गेली आणि दोन भागीदार रागावून बाजूला झाले. दिवाळीनंतर घणांनी ओटा फोडला. खोदत गेलो तर पाच फुटांवर पिवळा मुरूम लागला. तिथून नवा पाया उचलला. तो अजून हललेला नाही. आधी जे पैसे वाचवले म्हणून आम्ही खूश होतो, त्याहून जास्त पैसे जुना ओटा फोडण्याच्या मजुरीत आणि तुटलेल्या पट्ट्यांत गेले.

पाया असा घाला

जागा निवडताना पांढरी किंवा मुरमाड उंचवटा पाहा. रस्त्याकडेची सोय म्हणून काळे वावर निवडू नका. मोठ्या झाडाच्या जवळ पाया नको, झाडाची मुळे ओल शोषतात आणि माती असमान आकसते. कडब्याची गंजी आणि कापसाचे कोठार भुशापासून आणि मोटरीच्या ठिणगीपासून दूर असावे. एका ठिणगीत वर्षाचे पीक जाते.

जागा ठरली की आधी एक चाचणी खड्डा घ्या. ज्यांनी विहिरी खोदल्या त्यांना गावातल्या काळीची खोली बरोबर ठाऊक असते, त्यांना विचारा. काळी चार-पाच फुटांत संपत असेल तर ती सगळी काढून मुरमापर्यंत जा आणि तिथूनच काँक्रीट उचला. पायाच्या बाजूने परत काळी माती भरू नका, मुरूम भरा आणि थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोका.

पूर्णेच्या खोऱ्यासारखी काळी फार खोल असेल तर मुरमापर्यंत जाणे परवडत नाही. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुजवलेली एक पद्धत आहे. जमिनीत गोल भोक पाडून साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आसपास खोल काँक्रीटचे खांब ओततात. खांबाच्या बुडाशी व्यासाच्या अडीचपट फुगीर गोळा असतो. तो गोळा फुगण्या-आकसण्याच्या थराखाली रुतून बसतो आणि खांबाला वर उचलू देत नाही. खांबांना जोडणारी तुळई जमिनीला टेकवत नाहीत, खाली तीन इंचांची पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. दुसरा मार्ग मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातला. काळी सुमारे एक मीटर काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा ठोकलेला थर द्यायचा. या दोन्ही कामांना जाणकार अभियंता लागतोच. त्याची फी वाचवू नका.

आता ओट्याचे वजन. फिरत्या मशीनला तिच्या वजनाच्या निदान तिप्पट वजनाचा पाया द्यावा. डिझेल इंजिनाचे धक्के जास्त, त्याला पाचपट धरावा. मशीन आणि मोटर मिळून दहा क्विंटल असेल तर पाया तीस क्विंटलचा. काँक्रीटचा एक घनफूट सुमारे ६८ किलोचा, म्हणजे चव्वेचाळीस घनफूट काँक्रीट. एकास दीडास तीन या मिश्रणाने त्याला सिमेंटची दहा पोती लागतात. हे कमीत कमी झाले. चार फूट घेराचा, दहा फूट लांब ओल्या बाभळीचा ओंडका चार क्विंटलाच्या आसपास भरतो. तो गाडीवर आदळतो, तेव्हाचा धक्काही पायालाच सोसायचा असतो.

मशीन, मोटर आणि रूळ तिन्हींचा पाया एकसंध असावा, आत सळया असाव्यात. मोटर वेगळ्या ओट्यावर बसवली तर दोन ओटे दोन दिशांना हलतात आणि बेल्ट निसटतो. मात्र घराच्या किंवा शेडच्या भिंतीला हा ओटा जोडू नका. मध्ये इंचभर फट ठेवा, नाहीतर मशीनची थरथर भिंतीत जाते.

बोल्ट अंदाजाने रोवू नका. मशीनच्या बुडाच्या भोकांप्रमाणे लाकडी साचा करा, त्यात बोल्ट टांगा आणि मग काँक्रीट ओता. आडवे-उभे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तरच चौकोन गुण्यात आहे. पातळी पाण्याच्या नळीने घ्या आणि पाणसळीने पुन्हा तपासा. खारपाणपट्ट्यातल्या भावांनी एक पथ्य पाळावे. विहिरीचे खारे पाणी काँक्रीट कालवायला वापरू नये, त्याने आतल्या सळया गंजतात. गोड्या पाण्याचा टँकर आणावा लागला तरी आणावा.

ओतल्यावर घाई नको. सात दिवसांत काँक्रीटला पूर्ण ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ताकद येते, आणि हिशोबात धरलेली ताकद अठ्ठावीस दिवसांनी. तोवर व्याज चढले तर चढू द्या. निदान पहिले दहा दिवस ओली पोती टाकून ठेवा.

शेवटी पाण्याची व्यवस्था. पायाभोवती तीन फूट फरसबंदी करा, तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या, पागोळीचे पाणी नालीने लांब न्या. पायाखालची ओल वर्षभर सारखी राहिली की माती शांत राहते. आणि दर वर्षी दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, रुळांवर पाणसळ ठेवायची सवय लावा.

हा सगळा खटाटोप एकट्या करवतीचा नाही. कडबा कुट्टी, डाळ मिल, पिठाची चक्की यांतले काहीही काळीवर बसवायचे असेल तर नियम हेच आहेत.

दुसरा पाया

आता कायद्याचे. कोणी म्हणेल, घरचे लाकूड, घरापुरते चिरायचे, कोण विचारतो? विचारतात. आरा मशीन लावायला वनखात्याचा परवाना लागतो. टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला मोठा आदेश दिला. त्याच खटल्यात ४ मार्च १९९७ ला महाराष्ट्रातल्या आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरा गिरण्या ताबडतोब बंद करण्याचा आणि नवे परवाने न देण्याचा हुकूम झाला. २००२ मध्ये नव्या गिरणीसाठी केंद्रीय समितीची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. पुढे २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आले. राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे, ते पाहून समिती ठरवते. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडे आपल्या बांधावरची असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते.

म्हणून परवान्याचा कागद हातात पडल्याशिवाय मशीनचा बयाणा देऊ नका. परवाना नसलेल्या मशीनला सील लागते आणि तिच्याखालचा चांगला पाया शेळ्या बांधायच्या कामाचा उरतो. परवाना मिळेपर्यंत दहा शेतकऱ्यांनी मिळून जवळच्या परवान्याच्या गिरणीवर मजुरीने चिराई करून घ्यावी, सालपट आणि भुसा मोजून घरी आणावा. उभे झाड विकण्यापेक्षा तेही बरे.

कायदा पाळायचा म्हणजे त्याबद्दल बोलायचे नाही, असे मात्र नाही. जंगल वाचले पाहिजे, याबद्दल शेतकऱ्याचा वाद नाही. जंगल तुटले तर पाऊसपाण्याचा पहिला फटका कोरडवाहूलाच बसतो. चोरीचे लाकूड गिरणीत चिरले जाऊ नये, हा न्यायालयाचा हेतू योग्यच होता. पण जंगलातला साग आणि वावराच्या धुऱ्यावरची बाभूळ एकाच तराजूत घालण्यात कोणता न्याय आहे? बाभूळ आपण राखली, तिच्या सावलीत दोन तास कमी उतारा घेतला. सरकारने २०१४ मध्ये कृषिवानिकीचे राष्ट्रीय धोरण आणले आणि शेतात झाडे लावा म्हणून सांगितले. २०२५ च्या जूनमध्ये शेतातल्या झाडांच्या तोडीसाठी नमुना नियम राज्यांकडे पाठवले. लावण्याचे झाले, तोडण्याचे झाले. चिरण्याचे काय? झाड लावणारा शेतकरी आणि ते चिरून पैसा करणारा दुसराच, ही वाटणी तशीच राहणार असेल तर धुऱ्यावर झाड कोण राखील?

माझे म्हणणे असे की अनुदान मागू नये. अनुदानाची मशीन येते ती पायाशिवाय येते, हे आपण पुरेसे पाहिले आहे. मागायचे ते एवढेच, की सातबारावर नोंद असलेल्या झाडांचे लाकूड, गावातल्याच शेतकरी गटाच्या लहान करवतीवर, नोंदवही ठेवून चिरण्याचा परवाना ठरलेल्या मुदतीत मिळावा. नोंदवही तपासायला वनखात्याने केव्हाही यावे. चोरीचे लाकूड सापडले तर परवाना रद्द करावा. यात जंगलाचे काही जात नाही आणि शेतकऱ्याचे एकवीस फूट लाकूड घरी राहते.

येत्या जिल्हा बैठकीत हा विषय घ्यावा, असे मी सुचवतो. येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या शिवारात मुरूम किती फुटांवर लागतो, आणि आपल्या धुऱ्यांवर चिरण्याजोगी झाडे किती आहेत. एवढे हातात असले की बोलणे नेमके होईल. आणि कोणी मशीनचे चित्र घेऊन आला तर त्याला आधी विचारा, खड्डा घेतला का? कागद आला का? दोन्हींचे उत्तर हो असेल तरच पुढे किमतीचे बोला.